पश्चिम किनाऱ्यावरचे ‘ईस्ट इंडियन’

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या नावे निघालेले पुस्तकांचे एक पार्सल तब्बल तीन आठवडे वाट चुकले. पाठविणाऱ्या स्नेह्याने पत्त्यात ‘कळंब’ एवढेच ठळक अक्षरांत लिहिले होते. तालुका, जिल्हा आणि पिनकोड लिहायचे राहून गेले. पार्सल धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबला जाऊन आले. ते यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबलाही जाऊ शकले असते, पुणे जिल्ह्यातल्या कळंबलाही. कळंब हे कदंबवृक्षाचे आपल्या मराठीतले नाव. त्या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक असल्याने पार्सल दुसरीकडे गेले यात नवल ते काय? आमच्या कळंबचा जिल्हाही २०१४ साली ठाण्याचा पालघर झाला आणि धाराशिवचे नाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद होते. नाव हा पत्त्याचा आरंभ असतो, पत्ता नव्हे.

हा विनोद येथेच संपला असता. परंतु त्याच आठवड्यात एक तरुण व एक तरुणी विवाहाच्या नोंदणीसाठी आमच्याकडे आली. दोघांचे आडनाव एकच. नाते काही नाही; वसईच्या दोन वेगळ्या गावांतली, दोन वेगळ्या समाजांतली ही मुले. मुलाचे आजोबाही सोबत होते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि सरळ विषयाला हात घातला. “फादर, आडनाव एक असलं म्हणून काय झालं? मुलगी आपल्यातली नाही.” मुलाचे काका मुंबईच्या उपनगरात स्थायिक झालेले, शिकलेले गृहस्थ. त्यांनी तोड सुचविली. “फादर, तुम्ही दोघांनाही ईस्ट इंडियन लिहा. सामवेदी नको, वाडवळ नको, कोळी नको. वादच मिटला.”

वाद मिटला असे आम्हांस वाटले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. अलीकडे आपल्या वसईत हे नाव समारंभांच्या फलकांवर, लग्नपत्रिकांवर आणि तरुणांच्या बोलण्यात वाढत्या प्रमाणात दिसू लागले आहे. वापरणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु जे नाव आपण अंगावर घेतो ते कोठून आले, कोणाकोणाच्या अंगावरून आले आणि आपल्या मापाचे आहे की नाही, हे तपासण्याचा अधिकार प्रत्येक धर्मग्रामस्थाला आहे.

या नावाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. १४९२ साली कोलंबस भारताच्या शोधात निघाला आणि भलत्याच बेटांवर पोहोचला. त्या बेटांना ‘वेस्ट इंडीज’ हे नाव चिकटले. मग खऱ्या पूर्वेकडील प्रदेशांना ‘ईस्ट इंडीज’ म्हणणे युरोपीय लोकांस भाग पडले. म्हणजे या नावाच्या मुळाशी एका खलाशाची चूक आहे. पुढे हे नाव ज्याच्या हाती आले त्याने ते आपल्या सोयीने वापरले. डच लोकांनी जावा-सुमात्रा आदी बेटांना ते दिले. १९४५ साली स्वातंत्र्याची घोषणा करताना तेथील लोकांनी ते टाकले आणि स्वतःला इंडोनेशिया म्हटले. कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपीय पिता आणि भारतीय माता यांच्या वंशजांनी स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणविले. १८३० साली जॉन रिकेट्स त्यांचा अर्ज घेऊन ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेले, तर १८३१ साली कवी डिरोझिओ यांनी याच नावाचे वृत्तपत्र काढले. याच समाजाला आपण आज अँग्लो-इंडियन म्हणतो. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास करारबद्ध मजूर घेऊन त्रिनिदादला लागले. त्या मजुरांच्या वंशजांना तेथे आजही ‘ईस्ट इंडियन’ म्हणतात. त्यांतील बहुसंख्य हिंदू, त्यांच्या पूर्वजांची बोली भोजपुरी.

जावा बेटावरचा शेतकरी, कलकत्त्याचा कारकून, त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यातला मजूर आणि मुंबईचा ख्रिस्ती कोळी! चार लोक, चार भाषा, नाव मात्र एक. आमच्या पार्सलाचे जे झाले ते या नावाचे होणार नाही कशावरून?

मुंबईत हे नाव कसे आले, हेही निःपक्षपातीपणे सांगितले पाहिजे. मुंबई, साष्टी आणि वसई येथील मूळच्या कॅथोलिकांना इंग्रजी अमदानीत ‘पोर्तुगीज’ म्हणत. दादरच्या चर्चला लोक अजूनही ‘पोर्तुगीज चर्च’च म्हणतात, ते त्या काळाचे अवशेष. पुढे नोकरीच्या शोधात गोव्याहून ख्रिस्ती बांधव मुंबईस येऊ लागले. ते खरोखरच पोर्तुगालचे प्रजाजन होते. मंगळूरचे बांधवही आले. एकाच नावाखाली आपण झाकले जाऊ, आपला हक्क डावलला जाईल, अशी भीती येथल्या भूमिपुत्रांस वाटली व ती निराधार नव्हती. म्हणून २६ मे १८८७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाल्याचा महोत्सव असताना, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ची स्थापना झाली. आम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे या भागातले पहिले प्रजाजन, हा त्या नावामागचा दावा. भाकरीच्या लढाईत घेतलेले हे शस्त्र होते. त्या पूर्वजांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि मुंबई-साष्टीच्या ज्या कुटुंबांनी पिढ्यानुपिढ्या हे नाव अभिमानाने वागविले त्यांच्याकडून ते कोणी हिरावून घ्यावे असेही आम्ही म्हणत नाही.

परंतु दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली ही की, कंपनीचे राज्य १८५८ साली संपले होते आणि कंपनीही १८७४ साली विसर्जित झाली होती. मेलेल्या धन्याचे नाव चाकराने तेरा वर्षांनी धारण करावे, यात मान किती आणि लाचारी किती, याचा विचार आज स्वतंत्र भारतात तरी व्हावा.

दुसरी गोष्ट आपल्या वसईची आहे. मुंबई बेट कंपनीला १६६८ साली वार्षिक दहा पौंड भाड्याने मिळाले. साष्टी १७७४ साली इंग्रजांनी घेतली. वसईचे काय? १५३४ च्या तहाने ती गुजरातच्या बहादूरशाहाकडून पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. १७८० साली इंग्रजांनी घेतली खरी, परंतु १७८२ च्या सालबाईच्या तहाने मराठ्यांना परत केली. ती कायमची इंग्रजांकडे गेली ती पेशवाईच्या अस्ताच्या वेळी, १८१८ च्या सुमारास. म्हणजे मुंबई कंपनीच्या हाती गेल्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे! ‘कंपनीचे पहिले प्रजाजन’ हा दावा ज्यांना सर्वांत कमी लागू पडतो, ते आपण वसईकर. मग हा उसना अंगरखा आपण कोणत्या हिशेबाने चढवितो?

येथे काकांसारखे सुशिक्षित गृहस्थ म्हणतील की, इतिहास राहू द्या. हे नाव आपल्याला एकत्र आणते. जुनी नावे जातींची आहेत, हे नाव जातीविरहित आहे. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुनी नावे आपण कुंपणासारखी वापरली, हे कबूल केलेच पाहिजे. स्नानसंस्काराचे पाणी डोक्यावर पडून शतके लोटली, तरी सोयरीक ठरविताना आपण ‘कुठले?’ म्हणून विचारतो आणि त्या ‘कुठले’चा खरा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. पाद्रीबाबांकडून आलेली पोर्तुगीज आडनावे सर्व समाजांत वाटली गेली. परेरा वसईत आहेत, गोव्यात आहेत, ब्राझिलात आहेत. श्रीलंकेत तर बौद्ध परेराही आहेत. आडनावावरून जात कळेना, म्हणून तर तो ‘कुठले?’चा प्रश्न जन्माला आला!

परंतु पाटी बदलल्याने कुंपण पडत नाही. १८८७ साली हे नाव घेतले गेले ते गोव्याच्या व मंगळूरच्या बांधवांपासून आपण वेगळे आहोत हे दाखविण्यासाठी. ते जोडण्यासाठी नव्हे, रेषा ओढण्यासाठी घडविले गेले होते. आतल्या भिंती तशाच ठेवून बाहेर आणखी एक भिंत बांधायची, याला ऐक्य म्हणत नाहीत. काकांच्या तोडग्याने आजोबांचे मन बदलले असते का? नोंदवहीत ‘ईस्ट इंडियन’ लिहून झाल्यावरही घरी जाऊन ते ‘आपल्यातली नाही’ हेच म्हणाले असते. फरक इतकाच की, मग तो आजार आपल्याला दिसला नसता.

भाषेचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. नावाने भाषेवर केवढा गोंधळ घालता येतो याचे उदाहरण आपल्याच धर्मपरंपरेत आहे. १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध करणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर ते १६४० साली राशोल येथे छापले गेले, तेव्हा त्याच्या शीर्षकात कोकणीला ‘कानारीं’ म्हटले गेले. जणू ती कन्नडच! ‘कोकणी’ हे नाव तरी एकाचे आहे काय? १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेलेली भाषा कोकणी, रत्नागिरी-रायगडचे मुसलमान बांधव कोकणी, आणि आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचे आदिवासीही कोकणी अथवा कोकणा. नाव एक म्हणून बोली एक होत नाही.

आता ‘ईस्ट इंडियन’ हे भाषेचेही नाव होऊ लागले आहे. मुंबईच्या गावठाणांत म्हातारी माणसे जी गोड बोली बोलतात ती मराठीची बोली आहे. आपली सामवेदी आणि वाडवळीही मराठीच्याच परिवारातल्या. वसईतला सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण यांचे धर्म निराळे, पण बोलीचे मूळ एक. वाडवळांतही ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही आहेत. ‘सामवेदी’ म्हटले, ‘वाडवळ’ म्हटले की शेजारच्या हिंदू घराशी असलेला तो धागा दिसतो. ‘ईस्ट इंडियन’ म्हटले की तो धागा तुटतो आणि मूल समजू लागते की आपण येथले नव्हेच. कोणत्या तरी इंग्रजी नकाशातून आलो. इंग्रजी शाळेत जाणारे आपले मूल स्वतःला ऐटीत ईस्ट इंडियन म्हणते, आणि आजीने बोलीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. अशा मुलाला नाव मिळाले, पण आजी हरवली.

जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९३ वे अधिवेशन तेव्हाच्या उस्मानाबादेत भरले. म्हणजे आमचे पार्सल ज्या कळंबला गेले त्याच जिल्ह्यात. अध्यक्ष होते आपल्या नंदाखालचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांना तो मान एखाद्या कंपनीच्या नावाने मिळाला नाही. तो मराठीने दिला, आणि मराठीत लिहिणाऱ्या माणसाला दिला.

मग आपण काय म्हणवून घ्यावे? आमचे उत्तर प्रेषितांच्या कृत्यांत आहे. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम मिळाले ते अंत्युखियात. आणि गंमत अशी की, अंत्युखियाही एक नव्हते. त्याच ग्रंथात पुढे पिसिदियातील अंत्युखिया येते. लूकने गोंधळ होऊ नये म्हणून पिसिदियाचे नाव जोडले, म्हणजे पूर्ण पत्ता लिहिला. आपणही तेच करावे. आपले मोठे नाव ख्रिस्ती, त्याला जोडून वसईचे, कळंबचे, निर्मळचे, आगाशीचे, बोलणारे मराठी. सामवेदी, वाडवळ, कोळी ही नावे बोलीची, गाण्यांची, लुगड्याची आणि स्वयंपाकाची ओळख म्हणून प्रेमाने जतन करावीत. परंतु ज्या क्षणी ती सोयरिकीच्या दारात पहारेकरी म्हणून उभी राहतील, त्या क्षणी त्यांना बाजूला सारावे. आम्ही पौलाचे, आम्ही अपुल्लोसचे, आम्ही केफाचे, असे म्हणणाऱ्या करिंथकरांना पौलाने खडसावले होते. त्याने त्यांना चौथे नाव सुचविले नव्हते.

आजोबांना आम्ही एवढेच सांगितले की, १९८३ च्या धर्मसंहितेत कलम १०८३ ते १०९४ मध्ये विवाह रद्द ठरविणारे बारा अडथळे दिले आहेत. वयाचा आहे, नात्याचा आहे, आधीच्या विवाहबंधनाचा आहे. ‘आपल्यातली नाही’ हा तेरावा अडथळा ख्रिस्तसभेने लिहिलेला नाही, आणि आमच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही. काकांनाही सांगितले की, ‘ईस्ट इंडियन’साठीही रकाना नाही.

तीन रविवार वेदीवरून घोषणा झाली. मुलाचे नाव, मुलीचे नाव, दोघांच्या आईवडिलांची नावे आणि धर्मग्राम. त्याहून अधिक एक अक्षर नाही. तिसऱ्या रविवारी आजोबा मिस्साला आले होते, मागच्या बाकावर बसले होते. त्यांचे मन वळले की नाही ते आम्ही विचारले नाही. मिस्सा संपल्यावर मुलीने त्यांना हात देऊन पायरी उतरविले, आणि त्यांनी तो हात सोडला नाही, हे मात्र आम्ही पाहिले.