तबकडीची दुसरी बाजू

एखाद्या वाद्यमंडळाचीं पंधरा-वीस लोकप्रिय गाणीं एकत्र करून जो संग्रह विकण्यांत येतो, त्यास इंग्रजींत 'ग्रेटेस्ट हिट्स' असें म्हणतात. असा संग्रह घ्यावा कीं न घ्यावा, आणि घ्यावयाचा झाल्यास अनेकांतून कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. शाळेच्या वार्षिकास याहून गंभीर विषयांचा तोटा नाहीं, असेंहि कोणी म्हणेल. परंतु मनुष्य जें वारंवार ऐकतो त्यानेंच त्याची अभिरुचि घडते. आणि तें त्यानें स्वतः निवडलें, कीं दुसऱ्या कोणीं त्याच्यासाठीं निवडून ठेविलें, यावर त्या अभिरुचीचें स्वातंत्र्य अवलंबून असतें. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल आम्ही 'क्वीन' या इंग्लिश रॉक मंडळाचें नांव घेतों. यास कारणें दोन. पहिलें असें कीं, त्या मंडळाचा १९८१ सालीं निघालेला संग्रह हा ब्रिटनमध्यें आजपर्यंत सर्वांत अधिक खपलेला गाण्यांचा संग्रह होय. २०२२ सालीं त्याच्या तेथील खपाचा आंकडा ७० लाखांस पोंचला. दुसरें कारण आम्हांस अधिक जवळचें आहे. या मंडळाचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी याचें मूळ नांव फारूख बुलसारा. त्याचा जन्म १९४६ सालीं झांजिबार येथें एका पारशी कुटुंबांत झाला, आणि त्याचें बालपणचें शिक्षण आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत राहून झालें. तेथेंच कांहीं सोबत्यांसह त्यानें 'हेक्टिक्स' नांवाचें मुलांचें वाद्यमंडळ उभें केलें, व त्यांत तो पियानो वाजवीत असे. तेव्हां हें संगीत परदेशी असलें, तरी त्याचा एक धागा सह्याद्रीच्या पठारावरील एका शाळेंतून गेलेला आहे, हें लक्षांत ठेवण्यास हरकत नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. क्वीनचा पहिला संग्रह १९८१ चा. त्यांत १९७४ ते १९८० या काळांतील सतरा गाणीं आहेत. दुसरा संग्रह १९९१ च्या ऑक्टोबरांत निघाला. त्यांतहि पुढील दशकांतील सतरा गाणीं आहेत. तो बाजारांत येऊन चार आठवडेहि झाले नव्हते तोंच, २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं, मर्क्युरी निवर्तला. तिसरा १९९९ चा. त्यांत मंडळींनीं स्वतंत्रपणें गायिलेलीं आणि इतर गायकांबरोबर केलेलीं गाणीं बरींच आहेत. पुढें २००० सालीं हे तिन्ही संग्रह एकत्र बांधून विकण्यांत आले. ग्राहकास प्रथमदर्शनीं वाटतें कीं, तिन्ही एकदम घ्यावे म्हणजे निवडीचा त्रासच नको. आमचें मत याच्या उलट आहे. निवड टाळण्यासाठीं जो सर्वच घेतो, तो बहुधा त्यांतील पहिलीं चार गाणींच ऐकतो.

निवड करणारानें पहिली सावधगिरी घ्यावयाची ती नांवासंबंधीं. एकाच नांवाखालीं निराळा माल असूं शकतो. १९८१ सालींच अमेरिकेंत जी आवृत्ति निघाली, तींत सतरांऐवजीं चौदाच गाणीं होतीं. पण डेव्हिड बोवी याच्यासह गायिलेलें 'अंडर प्रेशर' हें त्या वर्षाचें नवें गाणें तींत होतें, जें ब्रिटनमध्यें 'ग्रेटेस्ट हिट्स'च्या दुसऱ्या संग्रहापर्यंत अशा संग्रहांत आलें नाहीं. याहून चमत्कारिक प्रकार १९९२ सालीं घडला. त्या वर्षीं अमेरिकेंत प्रथम 'क्लासिक क्वीन' नांवाचा संग्रह निघाला, व त्यांत 'बोहिमियन ऱ्हॅप्सडी' हें मंडळाचें सर्वांत प्रसिद्ध गाणें घालण्यांत आलें. मग कांहीं महिन्यांनीं 'ग्रेटेस्ट हिट्स' हेंच नांव देऊन दुसरा संग्रह काढला, त्यांत तें गाणें पुन्हां दिलें नाहीं. म्हणजे ज्या गाण्यामुळें मंडळाची जगभर ओळख, तेंच 'सर्वांत गाजलेल्या' गाण्यांच्या संग्रहांत नाहीं! केवळ वेष्टनावरील नांव पाहून पैसे देणाऱ्याची कशी फसगत होईल, हें निराळें सांगावयास नको. पुस्तक घेतांना जशी आपण अनुक्रमणिका पाहतों, तशी येथेंहि पाहिली पाहिजे.

आम्हांस विचाराल तर या सर्वांत १९८१ ची ब्रिटिश आवृत्ति घ्यावी, असें आम्ही निःशंकपणें सांगूं. तिची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. आरंभीं 'बोहिमियन ऱ्हॅप्सडी' ठेविलें आहे. हें १९७५ चें गाणें जवळजवळ सहा मिनिटांचें, म्हणजे नभोवाणीवर चालणाऱ्या त्या काळच्या गाण्यांच्या मानानें फारच लांब. प्रथम शांत पियानो, मग अनेक स्वरांचा ऑपेराच्या धर्तीचा खेळ, आणि मग एकदम गिटारींचा गडगडाट, अशी त्याची रचना. तरीहि तें नऊ आठवडे ब्रिटनच्या यादींत पहिलें राहिलें. संग्रहाच्या शेवटीं 'वुई विल रॉक यू' व 'वुई आर द चॅम्पियन्स' हीं दोन गाणीं आहेत. मूळच्या १९७७ च्या तबकडींत हीं अगदीं आरंभीं होतीं. परंतु मंडळ आपल्या जलशाची सांगता बहुधा याच दोन गाण्यांनीं करीत असे, आणि संग्रह करणारांनीं तोच क्रम येथें धरला आहे. पहिल्यांत पाय आपटणें व टाळ्या यांचाच ठेका असून, श्रोत्यांनीं त्यांत सामील व्हावें याच हेतूनें ब्रायन मे यानें तें रचलें. त्यामुळें संग्रह ऐकून संपविणारास जलसा ऐकून उठल्यासारखें वाटतें. ज्या संग्रहास आरंभ आणि शेवट आहे, तो नुसत्या यादीहून श्रेष्ठ होय.

हें सर्व खरें. पण या उत्तम संग्रहांतहि जें नाहीं, त्याकडे विद्यार्थिवर्गाचें लक्ष वेधणें हाच आमचा खरा हेतु आहे. त्यांतील सतरा गाणीं कोणीं रचलीं हें मोजून पाहावें. दहा मर्क्युरीचीं, पांच ब्रायन मे याचीं, दोन जॉन डीकन याचीं. आणि चौथा जो रॉजर टेलर, त्याचें एकहि नाहीं. तो काय नुसता ढोल बडविणारा होता? मुळींच नव्हे. 'बोहिमियन ऱ्हॅप्सडी'मधील सर्वांत उंच स्वर त्याचाच आहे. शिवाय पुढें 'रेडिओ गा गा' व 'अ काइंड ऑफ मॅजिक' हीं दोन अत्यंत लोकप्रिय गाणीं त्यानेंच रचलीं, आणि तीं दुसऱ्या संग्रहांत आहेत. म्हणजे जो केवळ पहिला संग्रह ऐकून मत बनवील, त्याच्या दृष्टीनें टेलर हा रचनाकार म्हणून जन्मासच आला नाहीं.

असें कां व्हावें? त्याचें उत्तर त्या काळच्या तबकडींतच आहे. गाण्याची लहान तबकडी निघे, तिला दोन बाजू असत. पुढील बाजूवर विकण्याचें गाणें, मागील बाजूवर जोडीला दुसरें. खपाच्या यादींत नांव लागे तें बहुधा पुढच्या गाण्याचें. 'बोहिमियन ऱ्हॅप्सडी'च्या मागील बाजूस टेलरचें गाणें होतें. जेवढ्या तबकड्या विकल्या गेल्या तेवढ्या वेळां तेंहि विकलें गेलें, आणि त्याचा मोबदलाहि टेलरला मर्क्युरीच्या बरोबरीनें मिळाला. पण संग्रह करण्याची वेळ आली तेव्हां पुढची बाजू उचलली गेली व मागची जागच्या जागीं राहिली. तीच गोष्ट ब्रायन मे याच्या 'थर्टी-नाइन' या गाण्याची. अवकाशाच्या प्रवासास गेलेले लोक आपल्या हिशेबानें थोड्याच काळानें परत येतात, तों पृथ्वीवर पिढ्या उलटून गेलेल्या असतात, अशी त्याची कल्पना आहे. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताचें मर्म इतक्या साध्या चालींत क्वचितच कोणीं गायिलें असेल. आणि रचणाराहि खगोलशास्त्राचा विद्यार्थी, ज्यानें गिटारीसाठीं बाजूस ठेविलेला आपला प्रबंध पुढें २००७ सालीं पुरा करून डॉक्टरेट मिळविली. हें गाणें १९७६ सालीं डीकनच्या 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'च्या मागील बाजूस होतें. डीकनचें गाणें संग्रहांत आलें. 'थर्टी-नाइन' आलें नाहीं.

तेव्हां 'ग्रेटेस्ट हिट्स' या शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. 'हिट' म्हणजे खपलेलें, उत्तम नव्हे. जें खपलें तें बहुधा चांगलें असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण जें खपलें नाहीं तें हिणकस, असा उलट सिद्धान्त मात्र कधींहि काढूं नये. या मंडळाचें १९७३ मध्यें प्रसिद्ध झालेलें पहिलेंच गाणें 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' हें तेव्हां चाललें नाहीं, म्हणून ब्रिटिश संग्रहांत त्यास जागा नाहीं. इतकेंच नव्हे, तर मंडळाच्या पहिल्या मोठ्या तबकडींतील एकहि गाणें त्यांत नाहीं. 'लव्ह ऑफ माय लाइफ' हेंहि नाहीं. आणि १९८५ सालीं रिओ शहरीं मर्क्युरी तें गाऊं लागला, तेव्हां त्या अफाट समुदायानें तें त्याच्या भाषेंत, त्याच्याहून मोठ्या आवाजांत गायिलें. बाजाराची मोजपट्टी येथें अपुरी पडली, हें उघड आहे.

कोणी म्हणेल, मग वेचे नकोतच. मूळ तबकड्याच ऐकाव्या. हा अतिरेक आम्हांस मान्य नाहीं. परशुरामपंत गोडबोले यांनीं १८५४ सालीं 'नवनीत' काढून जुन्या मराठी कवींचे वेचे शाळांच्या हातीं दिले. त्यावांचून किती विद्यार्थ्यांस मोरोपंत-वामनांची तोंडओळख झाली असती? विद्यार्थ्यापाशीं पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. वेचा हें प्रवेशद्वार आहे. फरक इतकाच कीं, 'नवनीत' एका रसिकानें आपल्या विवेकानें वेचलें, आणि हे संग्रह मुख्यतः विक्रीच्या आंकड्यांनीं वेचले. द्वार कोणीं बांधलें हें ओळखावें, आणि द्वारांतच बसून राहूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

आणखी एक आक्षेप आजच्या काळाचा आहे. आतां तबकडी हवीच कशाला? हातांतील फोनवर मंडळाचीं सर्व गाणीं क्षणांत मिळतात. मिळतात खरीं, परंतु तेथेंहि जीं गाणीं सर्वांत अधिक ऐकिलीं जातात तींच सर्वांत वर दाखविलीं जातात, आणि वर दिसतात म्हणून पुन्हां तींच ऐकिलीं जातात. म्हणजे संग्रह नाहींसा झाला नाहीं. तो अदृश्य झाला आहे, आणि दिवसेंदिवस अधिक आंखूड होत आहे. १९८१ च्या संग्रहानें निदान सतरा गाणीं दिलीं होतीं. फोनवर उतावीळ बोट पांचांवरच थांबतें. निवड करण्याची कला शिकण्याची गरज पूर्वींपेक्षां आज अधिक आहे, ती याचमुळें.

म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस आम्ही असें सुचवितों. प्रथम १९८१ चा संग्रह घ्यावा, आणि दिलेल्या क्रमानेंच अखेरपर्यंत ऐकावा. त्यांतील जें गाणें सर्वांत आवडेल, तें मूळ कोणत्या तबकडींतील आहे हें शोधून ती तबकडी समग्र ऐकावी. समजा, 'बोहिमियन ऱ्हॅप्सडी' आवडलें; तर तें १९७५ च्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' या तबकडींत आहे. तींत बारा गाणीं आहेत, आणि त्यांपैकीं संग्रहांत आलीं तीं अवघीं दोन. टेलरचें तें गाणें, 'थर्टी-नाइन', आणि 'लव्ह ऑफ माय लाइफ', हीं तिन्ही तेथें आपली वाट पाहत आहेत. तें झालें म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन आपला स्वतःचा सतरा गाण्यांचा संग्रह लिहून काढावा, आणि प्रत्येक गाण्यापुढें तें कां घेतलें याचें एका ओळींत कारण द्यावें. 'सर्वांस आवडतें म्हणून' हें कारण चालणार नाहीं. मित्रानेंहि असाच संग्रह करावा व दोघांनीं ते ताडून पाहावे. दोन याद्या तंतोतंत जुळल्या, तर दोघांपैकीं एकानें दुसऱ्याची पाहून लिहिली असें खुशाल समजावें.

गाण्यांपुरतेंच हें खरें आहे असें नाहीं. शाळेंतहि दरवर्षीं एक यादी फळ्यावर लागते, आणि ती लागावीच. परिश्रमाचें चीज झालें पाहिजे. परंतु ती यादी पुढच्या बाजूची असते. वर्गांत ज्याचा स्वर सर्वांत उंच लागतो, पण ज्याचें नांव त्या यादींत नाहीं, असा एखादा टेलर प्रत्येक वर्गांत बसलेला असतो. तबकडी उलटून पाहण्याची संवय ज्यास लागली, त्यास तो ऐकूं येईल.