विश्लेषण : आगीतून जन्मणाऱ्या महावृक्षांच्या मुळावर आगच का उठली?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर जायंट सिकोया हे सूचिपर्णी वृक्ष आढळतात. यातील काही वृक्षांचे वय तीन हजार वर्षांहून अधिक आहे. मात्र २०२० आणि २०२१ या अवघ्या दोन वर्षांतील वणव्यांनी जगातील मोठ्या सिकोयांपैकी १३ ते १९ टक्के वृक्षांचा बळी घेतला, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचा अंदाज आहे. एवढी वर्षे दुष्काळ आणि आगी पचवलेले हे वृक्ष आताच का कोसळत आहेत आणि त्यांची जागा घेणारी नवी पिढी येईल का, याचा हा आढावा.

नेमके काय घडले?

२०२० मधील ‘कॅसल’ तसेच २०२१ मधील ‘केएनपी कॉम्प्लेक्स’ आणि ‘विंडी’ हे तिन्ही वणवे वीज पडून लागले. सुमारे १.२ मीटरपेक्षा जास्त व्यासाचे हजारो सिकोया त्यांत मेले. आकारमानाने जगातील सर्वांत मोठा वृक्ष मानल्या जाणाऱ्या ‘जनरल शर्मन’च्या बुंध्याला २०२१ मध्ये आग-प्रतिबंधक अ‍ॅल्युमिनियमचे आवरण गुंडाळावे लागले. हा वृक्ष वाचला. अनेक ठिकाणी मात्र झाडांचे गटच्या गट जळाले.

सिकोयाला आग कशासाठी हवी असते?

सिकोयाची साल काही ठिकाणी ६० सेंटिमीटरपर्यंत जाड असते, त्यामुळे जमिनीलगतची आग तो सहज सोसतो. त्याचे बी शंकूंमध्ये तयार होते. हे शंकू पिकले तरी लगेच उघडत नाहीत, २० वर्षांपर्यंत ते हिरवे आणि बंद अवस्थेत फांदीवर राहू शकतात. खाली आग लागली की वर जाणाऱ्या उष्णतेने ते सुकतात, उघडतात आणि बी खाली पडते. आगीने पालापाचोळा जळून माती उघडी पडलेली असते, वरची दाटी कमी झाल्याने ऊनही मिळते. खारी आणि भुंगेऱ्यांमुळेही काही बी सुटते. पण मोठ्या प्रमाणावर रुजवण होते ती आगीनंतरच.

मग आताची आग वेगळी कशी?

वलयांमधील भाजल्याच्या खुणांवरून या जंगलांचा दोन हजार वर्षांहून अधिक काळचा आगींचा इतिहास शास्त्रज्ञांनी मांडला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लहान आगी वारंवार लागत. त्यात मूळनिवासी जमाती लावत असलेल्या आगींचाही वाटा होता. पुढे शतकभर दिसेल ती आग विझवण्याचे धोरण राहिले आणि जंगलात वाळलेले लाकूड, झुडपे व इतर झाडांची दाटी साचली. त्यात २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियात दहा कोटींहून अधिक झाडे मेली. वाढत्या तापमानाने हे सरपण आणखी कोरडे झाले. परिणामी आग जमिनीवर न राहता थेट शेंड्यापर्यंत पोहोचली. अशा आगीत झाड मरतेच. शिवाय शंकूंमधील बीही जळते.

तापमानवाढीने झाडांची वाढ खुंटते का?

सरसकट नाही. कॅलिफोर्नियाच्याच व्हाइट माउंटन्समध्ये ४,८०० वर्षांहून जुने ब्रिसलकोन पाइन आहेत. वृक्षरेषेजवळच्या, म्हणजे झाडे जिथे संपतात त्या उंचीवरील ब्रिसलकोनची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील वलये आधीच्या ३,७०० वर्षांतील कोणत्याही ५० वर्षांपेक्षा रुंद असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तिथे वाढीला थंडीचा अडसर होता, तो कमी झाला. त्याच डोंगरावर थोडे खाली मात्र असे दिसले नाही. तिथे अडसर पाण्याचा आहे. म्हणूनच रुंद वलये म्हणजे जंगल सुखरूप, असा अर्थ काढता येत नाही.

बी धरण्यावर काय परिणाम होतो?

पाइनच्या शंकूला कळी धरल्यापासून बी पिकेपर्यंत दोन ते तीन वर्षे लागतात. या काळातील एखादा कडक उन्हाळाही हंगाम बुडवू शकतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको आणि लगतच्या भागातील पिनियन पाइनमध्ये १९७० च्या दशकाच्या तुलनेत शंकूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. जिथे तापमान जास्त वाढले, तिथे घटही जास्त होती. बी पडले तरी प्रश्न संपत नाही. सिकोयाचे बी अतिशय हलके, त्यातून उगवणाऱ्या रोपाचे मूळ नाजूक. पहिल्याच उन्हाळ्यात वरची माती सुकली, तर बहुतेक रोपे मरतात. जुने झाड खोलवरच्या पाण्यावर दुष्काळ काढते; रोपाला ती सोय नसते.

भारतात काय स्थिती आहे?

पश्चिम हिमालयात हजार वर्षांहून जुने देवदार आहेत. त्यांच्या वलयांचा अभ्यास लखनऊच्या बिरबल सहानी पुराविज्ञान संस्थेत होतो. तिथल्या देवदारांची वाढ वसंतातील ओलाव्यावर अवलंबून असते. थंड, ओला वसंत असेल तर वलय रुंद. उष्ण, कोरडा असेल तर अरुंद. किन्नौरमधील चिलगोजा पाइनपुढे आणखी एक अडचण आहे. बाजारात चांगला भाव असल्याने त्याचे शंकू उघडण्याआधीच उतरवले जातात. त्यामुळे जंगलात रुजायला बी कमी उरते.

रोपे लावणे हा उपाय आहे का?

सिकोया आणि किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जळालेल्या सहापर्यंत सिकोया वनखंडांत रोपे लावण्याचा निर्णय जाहीर केला. काही ठिकाणी निसर्गतः उगवलेली रोपे पुरेशी नाहीत, असे उद्यान प्रशासनाचे म्हणणे. काही पर्यावरण संघटनांचा याला विरोध आहे. कायद्याने ‘वन्य’ म्हणून राखलेल्या भागात माणसाने ढवळाढवळ करू नये, रोपे आपोआप येतात, असा त्यांचा युक्तिवाद. प्रकरण न्यायालयातही गेले. दुसरीकडे, योग्य हवामानात नियंत्रित आग लावून साचलेले सरपण कमी करण्याचे काम याच उद्यानांत १९६० च्या दशकापासून होत आले आहे. त्याचा वेग मात्र वाढत्या वणव्यांपुढे अपुरा पडला. लागवडीने जळालेल्या जागा भरता येतील. उरलेले वृक्ष वाचवायचे, तर पुढच्या वणव्याआधी हे सरपण हटवावे लागेल. कारण आज लावलेल्या रोपाचा महावृक्ष व्हायला अनेक शतके जावी लागतात.