संततिनियमन : मेहेरबानी नव्हे, हक्क
१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी लिहिले होते. लोकांना माहिती द्यावी, साधनांची सोय सरकारने करावी, ही मागणी होती. बाजूने ११, विरोधात ५२ मते पडली. ठराव हरला.

आज निरोध, माला-एन, छाया गोळी, अंतरा इंजेक्शन, तांबी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. चिपळूणकरांसाठी कामथे उपजिल्हा रुग्णालय आहे. तरीही वस्तीतली बाई विचारायला लाजते आणि शेवटी ऑपरेशन तिचेच होते. पुरुषाची नसबंदी त्याहून सोपी; पण पुरुष पुढे येत नाही. हा अन्याय आपल्याच घरातला आहे. बाबासाहेबांनी विधानसभेत मागितले, ते नवरा-बायकोने मिळून दवाखान्यात हक्काने मागावे.