पियारडोबाची धावपट्टी

बंगालच्या बांकुडा जिल्ह्यातलं पियारडोबा या आठवड्यात उपग्रह नकाशावर सापडलं. सालाच्या रानात सरळ रेघ ओढावी तशी ती धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धात खरगपूर, चाकुलिया, दूधकुंडी आणि पियारडोबा हे अमेरिकेच्या बी-२९ बाँबफेकी विमानांचे चार तळ होते. ५ जून १९४४ रोजी याच भागातून ९८ विमानं बँकॉकवर निघाली. बी-२९ची ही पहिली युद्धमोहीम. जपान गाठायचं तर आधी हिमालय ओलांडून चीनमधल्या चेंगडूला इंधन आणि बाँब पोचवायचे, मग तिथून उड्डाण! इतका आटापिटा परवडेना, म्हणून १९४५मध्ये विमानं मारियाना बेटांवर गेली. मला मात्र विमानांपेक्षा धावपट्ट्या बांधणारे हात अधिक महत्त्वाचे वाटतात. १९४२च्या चक्रीवादळाने आणि १९४३च्या दुष्काळाने मोडलेल्या मेदिनीपूर परिसरात हजारो भारतीय मजुरांनी खडी वाहिली. विमानांच्या नाकावर रंगवलेली नावं पुस्तकांत मिळतात, या माणसांची मिळत नाहीत. हा अन्यायच आहे. या बी-२९ मोहिमेचं मुख्यालय होतं खरगपूरजवळच्या हिजलीच्या बंदी छावणीच्या इमारतीत, जिथे १९३१मध्ये गोळीबारात दोन राजबंदी मारले गेले. पुढे १९५१मध्ये तिथेच देशातली पहिली आयआयटी सुरू झाली, म्हणून ती वास्तू जपली गेली. रानातल्या धावपट्ट्यांना असा वाली नाही. तिथे निदान एक फलक लावा, आणि त्यावर वैमानिकांच्या आधी मजुरांचा उल्लेख करा.