न्यूट्रलकडे लक्ष हवे

घरात येणारी 230 व्होल्ट वीज म्हणजे एक फेज आणि न्यूट्रल यांतला दाब. दोन फेजमध्ये मात्र सुमारे 400 व्होल्ट असतात. हे गणित आमची मुले मार्कांसाठी घोकतात. पण तीन फेजच्या इमारतीत मुख्य न्यूट्रल तुटली, तर वेगवेगळ्या फेजवरची घरे 400 व्होल्टांवर एकामागे एक जोडली जातात. ज्या घरात भार कमी, तिथे दाब जास्त! एकीकडे बत्ती मंद, शेजारी भगभगीत, आणि टीव्ही-फ्रिज जळतात. असे दिसताच मेन स्विच बंद करावा. फेज बदलण्याची खटपट स्वतः करू नये (आपल्याकडे ही हौस फार). विश्वस्तांना आमची विनंती आहे की गणेशोत्सवाच्या रोषणाईआधी शाळेची न्यूट्रल व अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावी, आणि बारावीच्या मुलांना ते लांबून पाहू द्यावे.