आयोडीनचा डोस घेऊन पेशंट गावी आला, तर घाबरायचं की जपायचं?

भोर / वेल्हे : भोरचं उपजिल्हा रुग्णालय असो की वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय, इथं एक्स-रे निघतो. मशीन बंद झालं की किरणंही बंद, मागं किरणोत्सारी कचरा उरत नाही. कॅन्सरला बाहेरून मशीनने 'शेक' दिलेल्या पेशंटच्या अंगातही किरणं राहत नाहीत. त्याला वेगळं बसवायचं कारण नाही.

थायरॉईडच्या कॅन्सरवर दिलं जाणारं आयोडीन-१३१ मात्र वेगळं. हे औषध पोटात घ्यायचं असतं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून अशा औषधांचं काम चालतं, पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यांतही उपचार मिळतात. औषध लघवी, घाम, थुंकीतून बाहेर पडतं. म्हणून मोठा डोस घेतलेल्या पेशंटला काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवतात. तिथल्या संडासाचं पाणी थेट गटारात न सोडता खास टाकीत साठवतात.

खरी कसोटी नर्सची. एरवी वॉर्डातला घाण कापूस, डायपर पिवळ्या पिशवीत जातो आणि पुढं जाळला जातो. इथं ती सवय चालत नाही. जाळल्यानं किरणोत्सार मरत नाही, धुरातून आणि राखेतून पसरतो. त्यावर उपाय एकच, वेळ. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं. ८० दिवसांत ते हजारातला एखादा भाग उरतं. तोवर चादरी, हातमोजे, उष्टं-खरकटं तारीख लिहून बंद जागेत ठेवायचं, मीटरने तपासायचं, मगच पुढं पाठवायचं. नर्सनं जवळ कमी वेळ थांबायचं, अंतर राखायचं, छातीवर बॅज लावायचा. त्या बॅजवरून तिला किती किरणं लागली ते कळतं. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये. गरोदर सिस्टरनं लगेच वरिष्ठांना सांगावं.

दवाखान्यात अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियम आहेत, तपासणी आहे. पण पेशंट स्वारगेटहून एसटीत बसला की पुढची जबाबदारी घरच्यांवर आणि गावच्या आरोग्य केंद्रावर येते. हातात असतो फक्त सुट्टीचा कागद. तो इंग्रजीत असेल तर निघण्यापूर्वी मराठीत समजून घ्या. अशा पेशंटसाठी साध्या मराठीतलं पत्रक आणि उपकेंद्रातल्या सिस्टर, आशाताईंना तासाभराची माहिती, एवढं झालं तरी निम्मी भीती जाईल.

कागदावर लिहिलेले दिवस एवढं पाळा :
- वेगळं झोपा. लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब राहा, एसटीतही.
- लघवी बसून करा, दोनदा भरपूर पाणी ओता, हात साबणाने धुवा.
- ताट-वाटी, टॉवेल वेगळा. कपडे वेगळे धुवा.
- डायपर, पॅड जाळू नका, घंटागाडीत टाकू नका. ते कसं आणि किती दिवस ठेवायचं, हे दवाखान्याला विचारा.
- मध्येच दुखणं आलं तर डॉक्टर-सिस्टरला आधी कागद दाखवा.

दिवस भरले की पेशंट पुन्हा पंगतीत बसू शकतो. अंतर ठेवायचं ते ठरल्या दिवसांपुरतं, माणूस तोडायचा नाही.