इर्शाळवाडीचा नकाशा कोण काढणार?

19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथके भर पावसात चिखल तुडवत वर गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण सापडलेच नाहीत आणि अखेर शोधकार्य थांबवावे लागले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले.

यात कुणाची हयगय झाली हे शोधण्याआधी अशी यादी कशाच्या आधारावर बनते ते पाहायला हवे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2014 पासून देशभरातल्या दरडप्रवण भागांचे नकाशे करायला घेतले, ते 1:50,000 या प्रमाणावर. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. राज्याच्या पातळीवर नियोजन करायला असा नकाशा उत्तम. पण वाडीच्या डोक्यावरच्या उतारावर माती किती जाड आहे, पावसाळ्यात झरा कुठून फुटतो, गेल्या वर्षीची भेग बुजली की रुंदावली, यातले काहीही त्यात मावत नाही. त्यासाठी दहापट मोठ्या प्रमाणाचे नकाशे लागतात आणि ते एकेक उतार पायाखाली घालूनच होतात. सह्याद्रीतली प्रत्येक वाडी चालून पाहणे एकट्या केंद्रीय खात्याच्या आवाक्यातले काम नव्हे.

चालणारे पाय मात्र राज्यात आहेत. पुणे, नागपूर, अमरावती, सोलापूर या सार्वजनिक विद्यापीठांत भूशास्त्र शिकवले जाते, फर्ग्युसनसारख्या जुन्या महाविद्यालयांतही. हा विषय हौसेने मागून घेणारी मुले थोडी. अभियांत्रिकी हुकली, केमिस्ट्रीत नंबर लागला नाही, म्हणून आलेलीच जास्त. पण एकदा आली की त्यातली बरीच रमतात, कारण हे शास्त्र हाताने शिकावे लागते. रस्त्याकडेचा काळा दगड आणायचा, त्याची चकती कापून काचेवर चिकटवायची आणि ती जेमतेम 0.03 मिलिमीटर उरेपर्यंत घासायची. जरा जास्त घासली की चकती गेली, पुन्हा पहिल्यापासून. जमली, तर त्या काळ्या पाषाणातून प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्लॅजिओक्लेज या खनिजाचे करडे-पांढरे पट्टे नि पायरॉक्सिनचे निळे, केशरी रंग उमटतात. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग याच दगडावर, बेसॉल्टवर, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे.

हे थर वाचता येणे ही चैन नव्हे. अखंड, टणक बेसॉल्टमध्ये पाणी जवळपास मुरत नाही; ते साठते झिजलेल्या मुरमात, सांध्यांत आणि दोन थरांच्या मधल्या फटीत. म्हणून एका बांधावरच्या बोअरला पाणी लागते आणि शेजारच्या बांधावर दोन-अडीच लाखांचा फुफाटा उडतो. तरी आजही तळहातावर नारळ उभा धरून फिरणाऱ्या पाणाड्याला आधी बोलावले जाते, भूशास्त्रज्ञाला नंतर किंवा कधीच नाही. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या रंदुल्लाबादने वेगळी वाट धरली. ‘अॅक्वाडॅम’ या पुण्यातल्या संस्थेच्या भूशास्त्रज्ञांबरोबर गावाखालचा खडक समजून घेतला आणि शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले. गावाने निर्णय केला, पण त्यामागे कुणीतरी विहिरीविहिरींत डोकावून केलेला नकाशा होता.

दरडींचेही असेच करता येईल. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला प्रबंधिका करावीच लागते. अनेकदा ती आधीच्या तुकडीने हाताळलेल्या सोयीच्या भागावर होते आणि विभागाच्या कपाटात जाऊन बसते. त्याऐवजी दर वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याकडे घाटमाथ्याची किंवा कोकणची एक वाडी द्यावी. तिच्या वरच्या उताराचा कोन, मातीची जाडी, झरे, जुन्या घसरणीच्या खुणा, नव्याने सपाट केलेली शेते आणि रस्त्यासाठी केलेले खोदकाम, एवढे त्याने नकाशावर उतरवावे. एकदा मे महिन्यात जावे, कारण तेव्हा भेगा उघड्या असतात. आणि एकदा पावसाळ्याच्या शेवटी, झरे वाहते असताना. सध्याच्या क्षेत्रभेटी बहुधा हिवाळ्यात होतात. हवा छान असते, पण उताराची ही दोन्ही रूपे नजरेआड राहतात.

विद्यार्थ्यांच्या नकाशावर गावांचे जीव कसे सोपवायचे, हा प्रश्न रास्त आहे. कोणत्या वाडीचे स्थलांतर करायचे हे विद्यार्थी ठरवणार नाहीत. ते निरीक्षण नोंदवतील, प्राध्यापक तपासतील आणि धोक्याच्या जागी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तज्ज्ञ जातील. आज तज्ज्ञ जातात ते बहुतेक दरड कोसळल्यावर; 30 जुलै 2014ला माळीण गाडले गेल्यावर, 22 जुलै 2021ला तळिये गेल्यावर.

फुकटचे हात मिळाले म्हणून हे काम विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारणे मात्र गैर ठरेल. विद्यापीठात पैशांची ओढाताण सुरू झाली की क्षेत्रभेटीवर पहिली कात्री चालते. एसटीचे भाडे आणि मुक्कामाचा खर्च मुलांनी खिशातून करावा, अशी अपेक्षा असते. आदिवासी पाड्यातून आलेल्या मुलीला तो परवडत नाही, आणि डोंगरउतार कसा बोलतो हे वर्गातल्या इतरांपेक्षा तिलाच जास्त कळत असते. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय नकाशे तपासणारेही मिळणार नाहीत.

सरकारला मोठ्या विज्ञानावर खर्च करणे जमते. 11 डिसेंबर 1967च्या कोयना भूकंपाचे मूळ शोधण्यासाठी केंद्राने त्या परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडले आणि कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा उभारली. तो खर्च योग्यच होता. वाड्यांच्या नकाशांना त्याच्या तुलनेत फारच थोडे पैसे लागतील. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि विद्यापीठ यांच्यात एक साधा करार पुरेल. पुढच्या पावसाळ्याआधी रायगड, पुणे आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तो करावा, आणि कुलगुरूंनी त्यांच्या पत्राची वाट न पाहता स्वतःच प्रस्ताव पाठवावा.